पाय त्यानं दिला

४ मार्च २०२४ च्या सोमवारी सकाळी, ऑफिसला निघण्याच्या घाईत, मोबाईलवर बातमी दिसली की व्यावसायिक कुस्तीतल्या स्टिंग या मल्लाने अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो येथे आपली शेवटची लढत लढली आणि ती जिंकूनच तो रिंगमधून बाहेर पडला. वयाची ६५ वर्षे पूर्ण व्हायला त्याला १७ दिवस कमी होते. त्याचा जोडीदार होता डार्बी अ‍ॅलिन, वयाने त्याच्या निम्म्याहूनही लहान असलेला गडी, ज्याने त्या रात्री शिडीवरून काचेच्या तावदानावर उडी घेऊन स्वतःची पाठ रक्तबंबाळ करून घेतली; आणि सोबतीला ७५ वर्षांचा जुना जगज्जेता रिक फ्लेअर आला होता. निरोपासाठी ग्रीन्सबरो कोलिझियमच का, हे जुन्या प्रेक्षकांना सांगण्याची गरज नव्हती. ३६ वर्षांपूर्वी, २७ मार्च १९८८ रोजी, याच छताखाली फ्लेअरने स्टिंगला ४५ मिनिटे दिली होती. ‘दिली होती’ हे क्रियापद मी विचारपूर्वक वापरतो आहे, आणि या लेखात मला जे सांगायचे आहे ते बहुतेक त्या एका क्रियापदाविषयीच आहे.

आमचे घर नागपूरच्या महाल भागात. बाबा तरुणपणी रोज पहाटे आखाड्यात जात. जोर-बैठका झाल्या की लाल मातीत उतरत, आणि घरी परतताना कानामागे राहिलेली माती आजी ओल्या फडक्याने पुसत असे, असे ते आजही सांगतात. आखाड्याच्या भिंतीवर दोनच तसबिरी होत्या, एक मारुतीची आणि दुसरी गामा पहिलवानाची. अशा माणसाच्या घरात नव्वदच्या दशकात केबल आली आणि तिच्यासोबत अमेरिकन व्यावसायिक कुस्ती आली. आम्ही मुले त्या मल्लांचे पत्ते खेळायचो. उंची, वजन, छाती, दंड यांचे आकडे आम्हाला पाढ्यांपेक्षा पक्के पाठ होते. चकाकत्या झग्यातला, पांढुरक्या केसांचा, छाती काढून चालणारा फ्लेअर आम्हाला तेव्हापासून माहीत होता आणि आम्ही त्याचा मनापासून राग करायचो. बाबा बाहेरून आले की टीव्हीकडे एकदा बघत, “नुरा आहे रे ही,” म्हणत आणि आत निघून जात. वर्तमानपत्रांत दोन पुढाऱ्यांच्या लुटुपुटीच्या भांडणाला नुरा कुस्ती म्हणतात आणि वाचणारा हसून पान उलटतो. बाबांच्या तोंडी मात्र ती शिवी होती. दंगलीला लोक चार-चार कोस चालत येत, पदरचे पैसे इनामाला लावत, आणि दोन पहिलवान आधीच ठरवून मातीत उतरले तर त्या सगळ्या माणसांची फसवणूक होई. हा राग योग्यच होता आणि मी तो कधी खोडून काढायला गेलो नाही. कित्येक वर्षे मला तो खोडता आलाही नसता, कारण आपण जे पाहतो त्यात खरे काय आहे हे मलाच नीट माहीत नव्हते.

व्यावसायिक कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. त्याहून फारसे काही ठरलेले नसते, निदान त्या काळी नसे. रिंग म्हणजे लोखंडी तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पातळ गादी आणि तिच्यावर ताणलेले जाड कापड. तिच्यावर पडायचे म्हणजे हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, पाठ सपाट टेकवायची आणि दोन्ही तळहात आपटून धक्का वाटून घ्यायचा. तरीही तो धक्का बसतोच, रोज बसतो आणि वर्षानुवर्षे साठत जातो. मध्ये काय घडायचे हे पुष्कळदा अनुभवी मल्ल तिथल्या तिथे ठरवत असे. मान काखेत आवळून धरलेली दिसते तेव्हा दोघांची तोंडे जवळ आलेली असतात आणि पुढचा डाव कानात सांगितला जातो. नव्या मल्लाने ऐकायचे असते, थकायचे नसते आणि घाई करायची नसते. त्याला किती मोठा दाखवायचा, हे बऱ्याच अंशी समोरच्या जुन्याच्या हाती असते, कारण फेकणाऱ्याची ताकद प्रेक्षकाला दिसते ती फेकला जाणारा कसा पडतो त्यावरून.

आता ती लढत. १९८८ साली फ्लेअर ३९ वर्षांचा होता आणि एनडब्ल्यूए या जुन्या संघटनेचा जगज्जेता होता. १९७५ साली विल्मिंग्टनजवळ विमान पडून त्याचे पाठीचे हाड तीन ठिकाणी मोडले होते. त्याच विमानातला जॉनी व्हॅलेंटाइन पुन्हा कधीच रिंगमध्ये उतरला नाही, तर फ्लेअर काही महिन्यांत परतला. १९८१ मध्ये डस्टी ऱ्होड्सला हरवून पहिले जगज्जेतेपद मिळवल्यापासून तो गावोगावी जाऊन तास-तासभराच्या लढती करत होता. स्टिंग, खरे नाव स्टीव्ह बोर्डन, आठवड्यापूर्वीच २९ वर्षांचा झाला होता आणि या धंद्यात त्याला पुरती अडीच वर्षेही झाली नव्हती. तो शरीरसौष्ठवाच्या व्यायामातून आलेला, रंगवलेल्या चेहऱ्याचा, दणकट आणि चपळ गडी होता. पण इतक्या मोठ्या पल्ल्याची, इतक्या महत्त्वाची लढत त्याच्या वाट्याला त्याआधी आलेली नव्हती. त्याच दिवशी अटलांटिक सिटीत प्रतिस्पर्धी कंपनीचा रेसलमेनियाचा चौथा सोहळा होता, जो पैसे भरून पाहावा लागणार होता. त्याला शह म्हणून ग्रीन्सबरोचा कार्यक्रम टीबीएस वाहिनीवर फुकट दाखवला गेला. म्हणजे फुकट पाहणाऱ्या अफाट प्रेक्षकांपुढे, ४५ मिनिटांच्या मुदतीत, एका जवळजवळ नवख्या मुलाला जगज्जेत्याच्या तोडीचा करून दाखवायचा होता, आणि हे काम दुसरे कोणीही करू शकणार नव्हते.

मी ही लढत आधी दोनदा पाहिली होती. स्टिंगच्या निवृत्तीनंतर, मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, ती बाबांसोबत पाहिली. बाहेर पारा ४५ अंशांवर होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, खिडकीतल्या कूलरच्या वाळ्याचा ओला वास खोलीभर होता, आणि बाबा दिवाणावर पंचा खांद्यावर टाकून, पाठीला लोड लावून बसले होते. ते आता ७६ वर्षांचे आहेत आणि गुडघ्यांमुळे दुपारचे कुठे जात नाहीत. मी मोबाईल टीव्हीला जोडला आणि फक्त एवढेच सांगितले की, “बाबा, नुरा आहे हे धरूनच बघा. मला तुमच्याकडून दुसरंच काही विचारायचं आहे.”

पहिली काही मिनिटे ते काही बोलले नाहीत. फ्लेअरचा व्यवस्थापक जे. जे. डिलन याने लुडबूड करू नये म्हणून त्याला एका लहान पिंजऱ्यात कोंडून रिंगच्या वर टांगले होते. ते पाहून बाबांनी नाक मुरडले आणि तो तमाशा मलाही कधी आवडला नाही. मग फ्लेअरने स्टिंगच्या छातीवर तळहाताच्या कडेचा पहिला आडवा फटका मारला. बाबा लोडावरून पुढे झाले. “छाती पाह्य त्याची,” ते म्हणाले, “हे काही नुरा नाही.” आवाज न करता मारता येईल असा तो फटकाच नव्हे; उघड्या छातीवर उघडा हात पडतो आणि बोटांचे वळ उमटतात. स्टिंग तो खाऊन जागच्या जागी उभा राहिला आणि त्याने उलट स्वतःचीच छाती ठोकली, तेव्हा लोक जे ओरडले ते आमच्याकडे शड्डू ठोकला की ओरडतात तसेच. त्यानंतर स्टिंगने जगज्जेत्याला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून आपटले. शंभर किलोंहून जास्त वजनाचा माणूस असा उचलला जातो तेव्हा उचलणाऱ्याचे बळ लागतेच, पण वर गेलेल्याने अंग ताठ धरले नाही, तोल राखला नाही, तर दोघेही कोसळतात. बाबांच्या लक्षात ते माझ्या आधी आले. “वरचा गडी मदत करून राहिला,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

फ्लेअर पुढे काय करतो हे मी आधी पाहिले असले तरी त्या दिवशी बाबांच्या नजरेने पाहिले. तो गुडघ्यांवर बसून, हात जोडून गयावया करतो; कोपऱ्यात आपटून दोरांवरून उलटा होतो; मार खाऊन चार पावले सरळ चालत येतो आणि मग तोंडावर पडतो. लहानपणी आम्हाला हे भित्रेपण वाटायचे. त्याच्या हाती जगज्जेतेपदाचा पट्टा आहे आणि तो एका पोरापुढे हात जोडतो आहे, याचा अर्थ आपल्यासमोरचा पोरगा भयंकर आहे, हे प्रेक्षकाला पटवून देण्याचे त्याहून परिणामकारक साधन त्याच्यापाशी नव्हते. तरीही तो स्वतःला हास्यास्पद होऊ देत नाही, कारण मधूनच तो पाय पकडतो, गुडघा पिळतो, आपली ती प्रसिद्ध पायांची चौघडी घालतो, आणि त्या क्षणी सगळ्यांना आठवते की हा माणूस उगाच जगज्जेता झालेला नाही. नव्याला मोठे करताना जुना फारच लहान झाला तर नव्यालाही काही मिळत नाही. पडलेल्या भिंतीवर चढून दाखवण्यात कोणता पराक्रम? ही मोजमापाची गोष्ट आहे, आणि फ्लेअरने ती पाऊण तास, एकाही क्षणी ढळू न देता सांभाळली. माझ्या मते त्याच्या साऱ्या कारकिर्दीत याहून मोठे काम नाही, आणि असे म्हणताना रिकी स्टीमबोटबरोबरच्या त्याच्या १९८९ च्या लढती मी विसरलेलो नाही. तिथे समोर त्याच्या तोडीचा कसलेला मल्ल होता. इथे त्याला दोघांचेही काम करायचे होते.

मुदतीचे शेवटचे मिनिट उरले असताना स्टिंगने त्याला आपल्या ठेवणीतल्या डावात घेतले. या डावात खाली पडलेल्याचे दोन्ही पाय एकमेकांत अडकवून त्याला पोटावर उलटवतात आणि त्याच्या पाठीवर बसून पाय मागे ओढतात. लोक उभे राहिले. फ्लेअर ओरडतो आहे, मान हलवतो आहे, हात आपटतो आहे, पण हार मानत नाही. आणि घंटा झाली. रिंगच्या कडेला बसवलेल्या पंचांची मते विभागली, लढत बरोबरीत सुटली आणि पट्टा फ्लेअरकडेच राहिला. अशी सुटलेली कुस्ती आमच्याकडे कोणाला नवीन नाही. उजेड कमी झाला, गडी कोणी चीत होईना, की पंच दोघांचे हात धरून वर करतात आणि इनाम अर्धा-अर्धा वाटतात. मी बाबांकडे पाहिले. त्यांनी शेवटचा भाग पुन्हा लावायला सांगितला, आणि स्टिंग त्याला उलटवतो तिथे हात वर करून मला थांबवले.

“पाय त्यानं दिला,” ते म्हणाले.

मी म्हटले, “अहो बाबा, ठरलेलंच असतं ना ते.”

“ठरलेलं असन. पण तू देणं पाह्य. इतक्या वजनाचा माणूस पाय जड करून पडला तं त्याले कोणी उलथवू शकत नाही. आणि लवकर दिला तं सगळ्यांले दिसते. त्यानं बरोबर दिला.”

मग थोडा वेळ कूलरच्या पंपाचाच आवाज होता, आणि त्यांनी उमरेड रस्त्यावरच्या एका गावच्या दंगलीची गोष्ट काढली. ती आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती. १९६७ च्या पावसाळ्यात, नागपंचमीच्या कुस्त्यांत, १९ वर्षांच्या बाबांची जोड चाळिशी ओलांडलेल्या एका नामांकित पहिलवानाशी लागली, कारण त्याचा ठरलेला जोडीदार आलाच नव्हता. कुस्ती २० मिनिटे चालली आणि बरोबरीत सोडवली गेली. ५० रुपयांच्या इनामातले २५ रुपये बाबांना मिळाले आणि आजोबांनी त्यातून घरी पितळी घंगाळ आणले, जे आजही गच्चीवर आहे. ही गोष्ट मी माझ्या मित्रांना सांगितली आहे, बायकोला सांगितली आहे, मुलीला झोपवताना सांगितली आहे. त्या दिवशी बाबांनी तिच्यात एक वाक्य घातले, जे मी कधी ऐकले नव्हते. सातव्या-आठव्या मिनिटाला बाबांनी त्या पहिलवानाची कंबर मागून धरली होती आणि लोकांनी फेटे उडवले होते. त्या पहिलवानाच्या हातात बाबांचे मनगट सापडलेले होते. त्याने नुसते पिळले असते तरी पकड सुटली असती. त्याने ते धरून ठेवले, पिळले नाही.

“मग तुम्हाला केव्हा कळलं?”

“मले तं तेव्हाच कळलं होतं. माझं मनगट होतं ना.”

इतकी वर्षे का सांगितले नाही, असे विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिले. कोणी विचारलेच नव्हते. सगळ्यांनी विचारले ते किती मिनिटे चालली आणि किती मिळाले. त्या पहिलवानाने असे का केले, यावर त्यांचे उत्तर साधे होते: त्याला लोकांसमोर १९ वर्षांच्या पोराला चीत करून काही मिळणार नव्हते, आणि त्याला पोरात काहीतरी दिसले असावे. कुस्ती सुटल्यावर त्याने बाबांच्या पाठीवरची माती स्वतःच्या हाताने झाडली होती. पुढच्या वर्षी बाबांची जोड वरच्या फळीत लागली. ही कुस्ती नुरा नव्हती. कोणी काही ठरवले नव्हते, कोणी पैसे घेतले नव्हते. आणि फ्लेअरने जे केले ते मात्र ठरवून, पैसे घेऊन केले होते. तरी बाबांना दोन्ही हातांत एकच गोष्ट दिसली, आणि या गोष्टीला त्यांच्याकडे ‘नुरा’हून वेगळा शब्द नसल्यामुळे ते बराच वेळ ‘देणं’ हाच शब्द फिरवून फिरवून वापरत राहिले.

मग मी त्यांना झिबिस्कोची गोष्ट सांगितली. हे नाव ऐकून ते सावरून बसले, कारण गामाची तसबीर असलेल्या आखाड्यात झिबिस्को माहीत नसलेला कोणी नव्हता. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामापुढे अडीच तास पालथा पडून राहिलेला आणि जानेवारी १९२८ मध्ये पतियाळात एका मिनिटाच्या आत गामाने आस्मान दाखवलेला तो पोलंडचा मल्ल. या दोन कुस्त्यांच्या मधली एक गोष्ट आपल्याकडे सहसा सांगितली जात नाही. १९२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या प्रवर्तकांनी वेन मन नावाच्या एका अवाढव्य फुटबॉलपटूला एड ‘स्ट्रँगलर’ लुईसवर विजय मिळवून देऊन जगज्जेता केले होते. मनला खरी कुस्ती येत नव्हती. १५ एप्रिलला फिलाडेल्फियात पंचेचाळिशी गाठलेल्या झिबिस्कोने त्याच्याकडून हरायचे ठरले होते. झिबिस्को रिंगमध्ये उतरला आणि त्याने ठरलेले सारे बाजूला सारून खरी कुस्ती केली. त्या पोराला त्याने इतक्या उघडपणे पुन्हा पुन्हा दाबले की पंचांना दुसरा निकाल देता येईना. दीड महिन्याने सेंट लुईसमध्ये ते विजेतेपद त्याने जो स्टेकरला दिले, ज्याच्या बाजूने हा डाव रचला गेला होता. मन पुन्हा त्या उंचीवर कधी गेला नाही.

मला वाटले होते की बाबा झिबिस्कोच्या बाजूने बोलतील. खऱ्या कुस्तीने खोट्या कुस्तीला चीत केले, यात त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी विचारले, “त्या पोराला माहीत होतं का, का आज खरं लढायचं आहे?” मी म्हटले, नाही. “मग कुस्ती कशी झाली ती,” ते म्हणाले, आणि पंच्याने मान पुसत राहिले. मला या प्रश्नावर अजूनही ठाम बोलता येत नाही. ज्याला कुस्ती येत नाही त्याला गादीवर बसवल्याचा एका जुन्या मल्लाला आलेला संताप मी समजू शकतो. पण बेसावध माणसाची पाठ टेकवण्यासाठी एवढ्या वर्षांचे कसब लागत नाही, आणि त्या रात्री झिबिस्कोने आपले कसब दुसऱ्याच्या व्यवहारासाठी खर्च केले, असे मला वाटते.

ग्रीन्सबरोच्या त्या इमारतीत ही रीत आधीपासूनची होती. २४ नोव्हेंबर १९८३ रोजी तिथेच, पिंजऱ्याने वेढलेल्या रिंगमध्ये, सात वेळा जगज्जेता झालेल्या हार्ली रेसने ३४ वर्षांच्या फ्लेअरकडून हार घेतली. प्रतिस्पर्धी कंपनीने पट्टा घेऊन आपल्याकडे यावे म्हणून मोठ्या रकमेचे आमिष दाखवले होते, असे रेसने पुढे स्वतः सांगितले. तो गेला नाही. चार-साडेचार वर्षांनी फ्लेअरने स्टिंगला जे दिले ते त्याला असे मिळालेले होते. स्टिंगने अखेर ७ जुलै १९९० रोजी बाल्टिमोरमध्ये फ्लेअरकडून पट्टा जिंकला, आणि ती लढत मी पाहिली आहे, पण ती माझ्या फारशी लक्षात राहिलेली नाही. स्टिंग घडला तो बरोबरीतच. फ्लेअरला स्वतःला मात्र मातीतून बाहेर निघणे कधी साधले नाही. २०२२ मध्ये, ७३ व्या वर्षी, तो पुन्हा उतरला, आणि ते पाहताना मला खरोखर वेदना झाल्या. स्टिंगने अ‍ॅलिनला पुढे केले, त्याच्या बरोबरीने मार खाल्ला आणि तो वेळेवर गेला, हे तो नक्की कोणाकडून शिकला हे मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर बाबांनी मला दिवाणाजवळ बसवले आणि ‘देणं’ म्हणजे काय ते दाखवतो म्हणाले. त्यांनी माझे मनगट धरले. गाठी आलेली, नखांजवळ सुरकुतलेली ती बोटे बसली आणि अंगठा हाडाच्या आतल्या बाजूला नेमका रुतला. “सोडव,” ते म्हणाले. मी ओढले, पिळले, दुसऱ्या हाताने जोर लावला. ४६ वर्षांचा माझ्यासारखा धडधाकट माणूस घामाघूम झाला आणि हात तसूभर हलला नाही. “आता पुन्हा.” बोटे होती तिथेच होती, त्यांच्या दंडाची शीर तशीच फुगलेली होती, चेहऱ्यावर तोच जोर होता, फक्त अंगठा हाडावरून कुठेतरी किंचित सरकला असावा, कारण दुसऱ्या झटक्यात माझे मनगट निसटले आणि मी मागे लोडावर पडलो. माझी मुलगी दारात उभी राहून हे पाहत होती.

“आबा, तुम्ही हरले,” ती म्हणाली.

बाबांनी पंच्याने हात पुसले आणि शेवटची पाच मिनिटे पुन्हा लावायला सांगितली.